नेवासकर काकांची तिरपी मान

नेवासकर काका समोरच्या माणसाकडे सरळ बघत नसत. मान जराशी डावीकडे झुकवायची, हनुवटी वर उचलायची आणि डोळ्यांच्या कडेतून माणूस न्याहाळायचा. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताग्याचा पोत बघतं ना, तसं. मला त्या बघण्याचा मनस्वी राग यायचा. पूर्वी त्यांची ही तऱ्हा नव्हती. जादूघरात त्यांचं प्रस्थ वाढलं आणि तेव्हापासून ही मान तिरपी झाली, असा माझा ठाम समज होता. तो मी कधी कुणापासून लपवूनही ठेवला नाही.

जादूघर म्हणजे फ्रीमेसन लोकांची बैठकीची इमारत. जबलपुरात रिक्षावाल्याला तुम्ही 'लॉज' म्हणालात तर तो स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलसमोर नेऊन सोडेल. 'जादूघर' म्हणालात तर मात्र बरोबर फाटकाशी उतरवेल, आणि वर भाडं घेताना तुम्हाला नीट बघून घेईल. आत काय चालतं याच्या, रांझीच्या वस्तीत आम्ही लहान असताना, भरपूर कथा ऐकल्या होत्या. डोळे बांधून नेतात, छातीला तलवार लावतात, एकदा आत गेलेला माणूस बायकोलाही काही सांगत नाही. मी काकांना एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, तिथं माणूस स्वतःला घडवतो. बाकी सगळी दूधवाल्यांची गप्पाष्टकं."

घडवणं हा त्यांचा आवडता शब्द. नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घरी बैठकीच्या टेबलावर दोन दगड असायचे. एक भेडाघाटहून उचललेला ओबडधोबड, आणि एक घासून गुळगुळीत केलेला संगमरवरी चौकोनी ठोकळा. येईल त्याला ते हे दगड दाखवायचे. "हा आपण जन्माला येतो तेव्हाचा. आणि हा आपण व्हायला हवा तो. मधलं सगळं आयुष्य म्हणजे छिन्नी-हातोडा." एकदा दूधवाला भैया दारात कॅन घेऊन उभा होता, त्यालाही हे ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "साहब, दूध नाप दूँ?" काकांनी मान तिरपी करून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "पहिला दगड."

स्वतःला ते कोणता दगड समजत, हे सांगायची गरज नव्हती.

भिंतीवर एक लाकडी पट्टी टांगलेली होती, चोवीस इंचांची. चोवीस इंच म्हणजे चोवीस तास. एक हिस्सा कामाचा, एक विश्रांतीचा, आणि एक अभ्यासाचा व परोपकाराचा. सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर कामाचा हिस्साही अभ्यासालाच गेला. जादूघरातली लांबलचक भाषणं ते तोंडपाठ करायचे. तिथे कागद बघून बोलायची पद्धत नाही, सगळं मुखोद्गत लागतं, आणि काका तर त्या बाबतीत फारच कडक. "कागद बघून बोलतो त्याचं बोलणं त्याचं नसतं," असं म्हणायचे. अंगणात येरझारा घालत पुटपुटणं चालू असलं की घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. त्यांची मुलगी मंजिरी नागपूरला दिलेली. काकू गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती माहेरी आली, तर घ्यायला स्टेशनवर कुणी नाही. ऑटो करून, बॅग ओढत ती फाटकातून आत आली. काका अंगणात पाठांतर करत होते. त्यांनी एक बोट वर केलं आणि तिला तिथेच उभं ठेवलं. भाषण संपल्यावर मग, "ये. प्रवास कसा झाला?"

मंजिरी हे हसत हसत सांगायची. मला नाही हसू आलं. स्वतःला घासता घासता या माणसानं आजूबाजूची माणसंही घासून काढली होती, आणि वर त्याला हे शिक्षण वाटत होतं.

आमचा त्यांचा संबंध माझ्या सासऱ्यांमुळे. सासरे फॅक्टरीत काकांच्या हाताखाली होते. ते गेल्यावर काकांनी आमच्याकडे येणं सोडलं नाही, हे मला मान्य करावंच लागेल. दर रविवारी सकाळी यायचे, दुपारी जेवून जायचे. माझा नवरा श्रीकांत त्यांना देव मानायचा. त्याला कारणही तसंच होतं.

श्रीकांत बोलताना अडखळतो. लहानपणापासून. पहिलं अक्षर घशात अडतं आणि मग मान हलते, डोळे मिटतात, ऐकणारा अवघडून दुसरीकडे बघायला लागतो. घरात आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण तो फॅक्टरीत चार्जमन झाला, म्हणजे सेक्शनचा मुकादम, आणि चार्जमनला पाळी सुरू होताना सगळ्या सेक्शनसमोर उभं राहून कामाच्या आणि सुरक्षेच्या सूचना द्याव्या लागतात. त्या दिवसांत तो सकाळी न जेवता जायचा. डबा तसाच परत यायचा.

काकांनी हे ओळखलं आणि त्याला हाताशी धरलं. रोज पहाटे ग्वारीघाटावर नर्मदेच्या पायऱ्यांवर उभं करायचे आणि पाठ केलेले उतारे मोठ्यानं म्हणायला लावायचे. कधी संस्कृत, कधी इंग्रजी, कधी जुनी मराठी कविता. "पाठ असलेला शब्द घशात अडत नाही," हे त्यांचं म्हणणं. नावाडी हसायचे. काका त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत आणि श्रीकांतलाही देऊ द्यायचे नाहीत. दोन-एक वर्षांत माझा नवरा सेक्शनसमोर उभा राहून बोलायला लागला. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यानं दारातच मला सांगितलं, "बोललो मी. पूर्ण." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते उपकार मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

ग्वारीघाटाचे पाठ संपले की रविवारी आमच्याकडे कॅरम. काका नेहमी पांढऱ्या सोंगट्या घ्यायचे, श्रीकांतला काळ्या. एके काळी पटाईत खेळाडू. पण शेवटी शेवटी एक गंमत व्हायला लागली. काका मस्त नेम धरून, मान तिरपी करून, श्रीकांतचीच काळी सोंगटी जाळीत घालायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "काका, ही तर काळी!" काका म्हणाले, "दुसऱ्याला पुढं न्यायला शिकावं, सूनबाई." श्रीकांतला त्यात केवढा मोठेपणा दिसला. "पाहून राहिली ना? मुद्दाम माझ्या सोंगट्या घालवून राहिले काका," तो मला नंतर म्हणाला. मी म्हटलं, "हो, आणि वरून प्रवचन."

मग श्रीकांतच्या मनात आलं की आपणही जादूघरात जावं. कुणी बोलवत नाही तिथं, ज्याचं त्यानंच मागायचं असतं. त्यानं मागितलं. काका एवढे खुलले की त्या रविवारी जेवताना त्यांनी चक्क दुसऱ्यांदा भात घेतला. श्रीकांतचं नाव त्यांनीच सुचवायचं ठरलं.

मी विरोधात होते. आठवड्यातली एक संध्याकाळ जाणार, बायकांना आत प्रवेश नाही, आणि माझा नवरा घरी येऊन मला दगड दाखवायला लागणार. "काहून जायचं तिथं?" मी विचारलं. श्रीकांतनं जे उत्तर दिलं त्यावर मला पुढं बोलता आलं नाही. "तिथं मी उभा राहून बोलीन," तो म्हणाला, "आणि कोणी माझ्यासाठी खाली मान घालून बसणार नाही. तिथं सगळे बरोबरीचे असतात."

तिथली एक रीत आहे. नाव घेण्याआधी त्यांच्यातली दोन-तीन माणसं उमेदवाराच्या घरी येतात आणि बायकोला विचारतात की तुमची काही हरकत नाही ना. आमच्याकडे काका आले, आणि सोबत एक दातांचे डॉक्टर. मी पोहे केले. डॉक्टर अगदी भले गृहस्थ, संकोचून बसले होते. म्हणाले, "भाभीजी, आपको कोई ऐतराज़ तो नहीं?" ऐतराज ना, ढीगभर होता. मी श्रीकांतकडे बघितलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. "नाही," मी म्हटलं. काकांनी मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सूनबाईंवरही माझ्या घडवण्याचा परिणाम झाला म्हणायचा." पोह्यांची बशी त्यांच्या हातातून ओढून घ्यावी असं मला वाटलं.

जादूघरात नावावर मतदान होतं त्या दिवशी श्रीकांत घरीच होता, उमेदवाराला तिथं काम नसतं. त्यानं नवा काळा कोट शिवून घेतला होता, तो कपाटाबाहेर टांगलेला. संध्याकाळी काकांचा फोन येणार होता. आला. श्रीकांत उभा राहून ऐकत होता. मग तो खाली बसला. फोन त्यानं माझ्याकडे दिला नाही, नुसता पलंगावर ठेवून दिला.

"नाही झालं," तो म्हणाला.

"काका काय म्हणाले?"

त्याला सांगायला वेळ लागला. पहिलं अक्षर घशात अडलं होतं. "द... द... दगड अजून तयार नव्हता, असं समज, म्हणाले."

हे वाक्य मी काकांना कधीच माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. बाद झालास, वाईट वाटतं, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण नाही. तिथंही त्यांना धडा द्यायचा होता.

खरं काय झालं ते आम्हाला पुढं कळलं, तेही विचित्र ठिकाणी. श्रीकांतची दाढ दुखायला लागली आणि तो त्याच डॉक्टरांकडे गेला. मी सोबत होते. आतल्या गोष्टी बाहेर सांगायची त्यांच्यात मनाई, पण डॉक्टरांच्या मनाला ते लागून राहिलेलं दिसलं. श्रीकांत तोंड उघडून खुर्चीत पडलेला, बोलायची सोय नाही, तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "भाई, सब चाहते थे आपको. बस एक काली निकली. एक भी काली हो तो हमारे यहाँ नाम गिर जाता है." प्रत्येकाच्या हातात एक पांढरी आणि एक काळी गोळी देतात, झाकलेल्या पेटीत हात घालून हवी ती सोडायची, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "अध्यक्ष ने पूछा भी, किसी के हाथ से गलती से गिरी हो तो बोल दे, दोबारा करा लेंगे. सब चुप."

श्रीकांतच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं दाढ दुखली, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

एक माणूस. त्या सगळ्यांत एका माणसाला हा नको होता, आणि तो कोण हे कधीच कळणार नव्हतं. श्रीकांत फॅक्टरीतल्या, बाजारातल्या प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याकडे त्या नजरेनं बघायला लागला. सेक्शनसमोर सूचना द्यायचं काम त्यानं दुसऱ्यावर सोपवलं. डबा परत यायला लागला. कॅरमचा बोर्ड कपाटामागं गेला आणि ग्वारीघाट बंद झाला. काकाही रविवारचे यायचे थांबले. मला वाटलं, अपयशी विद्यार्थ्याची लाज वाटत असेल त्यांना. म्हटलं, बरं झालं, पीडा गेली.

वर्षभरानं बाजारात कमानिया गेटजवळ मंजिरी भेटली. हातात दोऱ्या, पोती, चिकटपट्ट्या. "बाबांना नेऊन राहिली नागपूरला," ती म्हणाली. "घर विकायचं नाही म्हणतात, पण एकटे कसे राहतील? काल गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं."

"विसरतात?" मी विचारलं.

"विसरत नाहीत हो वहिनी, दिसत नाही त्यांना. डोळ्यांचा पडदा गेला ना. समोरचं, मधोमधचं काहीच दिसत नाही, कडेकडेनं थोडं दिसतं. म्हणून तर ती मान वाकडी करून बघतात."

मी तिथेच उभी राहिले. मागून एक ई-रिक्षावाला ओरडत होता, "अरे दीदी, हटो ना!"

"कधीपासून?"

"आई होती तेव्हापासूनच. मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून. तिथं ते सगळ्यांच्या पुढं काठी घेऊन चालायचे ना, नव्या लोकांना हात धरून नेण्याचा मान यांचा. कळलं असतं तर काठी दुसऱ्याला दिली असती. बोलायचं सगळं पाठच होतं, कागद लागत नव्हता. मग कळणार कोणाला?"

मंजिरी आणखी काही सांगत होती. मला दिसत होता आमचा कॅरम, आणि नेम धरून जाळीत घातलेल्या काळ्या सोंगट्या. दुसऱ्याला पुढं न्यायला शिकावं, सूनबाई.

म्हणजे नको असलेला माणूस कुणी नव्हताच. ज्यानं नाव सुचवलं त्याच्याच हातून काळी पडली होती. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, माझ्या हातून चूक झाली असेल, मला दिसत नाही. आयुष्यभर स्वतःला घडवणाऱ्या माणसाला एवढं वाक्य बोलता आलं नाही. उलट माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, की दगड तयार नव्हता. त्यांची कीव यायला हवी होती, असं लोक म्हणतील. मला संताप आला, आणि कमानिया गेटपासून घरापर्यंत तो उतरला नाही.

श्रीकांतला मी सगळं सांगितलं.  तो उठला, कपाटामागून बोर्ड काढला, फडक्यानं पुसला.

"चल," तो म्हणाला. "काका चालले. एक डाव ख... खेळून येऊ."

"तुला राग नाही येऊन राहिला?"

"येतो ना," तो म्हणाला. "पण त्यांनी मला बोलायला शिकवलं होतं."

रविवारच्या सकाळी आम्ही नेपियर टाउनला गेलो. घरभर खोकी. भिंतीवरची पट्टी काढलेली, तिच्या जागी चुन्याचा पांढरा पट्टा राहिलेला. दोन्ही दगड एकाच खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. काका खुर्चीत बसले होते, दाढी नीट केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. पावलांच्या आवाजाकडं त्यांची मान तिरपी झाली.

"श्रीकांत?"

"ह... हो काका. कॅरम आणला आहे."

ते खुर्चीत पुढं सरकले. श्रीकांतनं बोर्ड स्टुलावर ठेवला, पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या. पांढऱ्या काकांच्या. मंजिरी खोकी बांधत होती, मी दाराशी उभी होते. काकांनी स्ट्रायकर बोटानं चाचपून रेषेवर लावला, हनुवटी उचलली, नेम धरला. सोंगटी सरळ कोपऱ्यातल्या जाळीत गेली. काळी.

"छान, काका," श्रीकांत म्हणाला, आणि ती जाळीतून काढून काकांच्या बाजूला ठेवायला लागला.

माझ्यानं राहवलं नाही. मी पुढं झाले, ती सोंगटी त्याच्या हातातून घेतली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. "ही काळी आहे, काका."

मंजिरीची चिकटपट्टी थांबली. काकांनी सोंगटीवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"हाताला दोन्ही सारख्याच लागतात," ते म्हणाले. "त्या दिवशीही लागल्या. एक काळी निघाली म्हणाले, तेव्हा मला कळलं होतं, कुणाची ते."

"मग बोलला काहून नाहीत?"

"हातातली काठी गेली असती," काका म्हणाले. ना उपदेश, ना दगड. नुसतं तेवढंच.

मग त्यांनी मान सरळ केली आणि श्रीकांतकडे तोंड केलं. समोरासमोर, अगदी नीट. मंजिरीनं सांगितलेलं मला आठवलं. असं बघितलं की त्यांना तो मुळीच दिसत नव्हता.

"चूक माझी होती, श्रीकांत," ते म्हणाले. "तू तयार होतास."

श्रीकांतची मान हलली, डोळे मिटले. शब्द येत नव्हता. बऱ्याच वेळानं आला. "ख... खेळा ना, काका," म्हणत त्यानं स्ट्रायकर त्यांच्यापुढं सरकवला.

मी तो मधेच उचलला. दुसऱ्याची सोंगटी घालवली की हात जातो, हा कॅरममधला साधा नियम आहे आणि आमच्या घरी तो इतके रविवार कुणी पाळला नव्हता. काळी सोंगटी मी काकांच्या हातातून घेऊन श्रीकांतच्या बाजूला ठेवली आणि स्ट्रायकर त्याच्यासमोर.

"नाही काका," मी म्हटलं. "आता खेळायचं श्रीकांतनं."